बेटांवरचे डास, विहिरींचे वाद

हट्ट्याला समुद्र नाही. हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातलं हे गाव समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे. तरीही मुंबई, पणजी, पोर्ट ब्लेअर, पोर्ट लुई या बेटांवरच्या शहरांनी हिवतापाशी कशी झुंज दिली, हे हट्टेकरांना पटकन समजेल. कारण त्या झुंजीत समुद्राचं काम थोडंच होतं. खरा मामला विहिरीचा, हौदाचा, टाकीचा. पायऱ्यांची जुनी बारव जपून ठेवलेल्या गावाला विहिरीची माया काय असते, हे वेगळं सांगायला नको. त्या मायेपायी मुंबईत शंभर वर्षांपूर्वी केवढा गहजब झाला, ते पुढं येईलच. आधी थोडं घरचं.

शोध लागला निजामाच्या मुलखात

२० ऑगस्ट १८९७. सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस नावाचा लष्करी डॉक्टर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला होता. एका डासाच्या पोटाच्या भिंतीवर त्याला हिवतापाच्या जंतूच्या गाठी दिसल्या. डासाच्या शरीरात हा जंतू वाढतो, याचा तो पहिला पुरावा. त्या वेळी हट्टा, वसमत, हिंगोली, परभणी हा सगळा मुलूख निजामाच्याच राज्यात होता. म्हणजे जगाला हादरवणारा हा शोध लागला तो आपल्याच तेव्हाच्या राजधानीच्या शेजारी. २० ऑगस्ट हा दिवस आजही जागतिक डास दिन म्हणून पाळला जातो. रॉसना १९०२ साली नोबेल मिळालं.

पण या गोष्टीतला आणखी एक माणूस लोकांना ठाऊकच नसतो. त्याचं नाव हुसेन खान. तो हिवतापाचा रोगी होता आणि रॉसच्या डासांना त्यानं आपलं रक्त पिऊ दिलं. मोबदला दर डासामागं एक आणा. ज्या डासात जंतू सापडला, तो हुसेन खानाच्याच रक्तावर पोसलेला. शाळेच्या पुस्तकात रॉसच्या नावाशेजारी त्याचंही नाव छापलं जावं, असं मला मनापासून वाटतं.

दोन पावसाळ्यांचं आयुष्य

मुंबई म्हणजे मुळात सात बेटं: मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम, कुलाबा आणि धाकटा कुलाबा. मध्ये खाड्या, दलदल, भरतीचं पाणी. सतराव्या शतकात इथं आलेल्या इंग्रजांमध्ये असं बोललं जाई की या बेटावर माणसाचं आयुष्य दोन पावसाळ्यांचं. जॉन ओव्हिंग्टन हा इंग्रज पाद्री १६८९ च्या सुमारास मुंबईत आला होता, त्यानं ही म्हण नोंदवून ठेवली. तेव्हा दोष दिला जाई तो दलदलीतून उठणाऱ्या दूषित हवेला. १७८४ च्या सुमारास वरळीची खिंड बांधानं बंद झाली, खाड्या भरत गेल्या, बेटं एकमेकांना जोडली गेली. दलदल आटली. ताप मात्र हटला नाही. आता पाणी मुरत होतं भलतीकडंच.

डासाचं बारसं

१९०१ साली विल्यम ग्लेन लिस्टन यांनी एका डासाचं शास्त्रीय वर्णन केलं आणि जॉन स्टीफन्स या संशोधकाच्या नावावरून त्याला नाव दिलं ॲनॉफिलिस स्टीफेन्सी. हेच लिस्टन पुढं मुंबईत प्लेगवर काम करत होते. उंदरावरची पिसू प्लेग पसरवते, हे दाखवण्यात त्यांचा मोठा वाटा. परळच्या ज्या प्रयोगशाळेला आज हाफकिन संस्था म्हणतात, तिचे ते संचालकही झाले.

या स्टीफेन्सीची सवय लक्षात ठेवा, पुढची सगळी कथा तिच्यावरच उभी आहे. त्याला गटार आवडत नाही, चिखलाचं डबकंही फारसं नाही. त्याला हवं असतं स्वच्छ, शांत, सावलीतलं पाणी. विहीर, हौद, गच्चीवरची टाकी, कारंजं. माणसानं पिण्यासाठी, वापरण्यासाठी हौसेनं साठवलेलं पाणी म्हणजे या डासाचं बाळंतघर. शहर जितकं पक्कं, तितकी याची चैन.

बेंटली विहिरी मोजायला निघतात

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत हिवताप इतका वाढला की सरकारला जाग आली. एकीकडं अलेक्झांड्रा गोदीचं अवाढव्य खोदकाम चालू होतं. १९१४ साली खुली झालेली ही गोदी आज इंदिरा गोदी म्हणून ओळखली जाते. हजारो मजूर, खड्ड्यांत साचलेलं पाणी, त्या भागात तापाची उसळी. दुसरीकडं फोर्टातल्या दगडी, देखण्या इमारतींमध्येही माणसं हुडहुडी भरून अंथरुणाला खिळत होती.

चार्ल्स बेंटली या डॉक्टरवर खास कामगिरी सोपवण्यात आली: मुंबईत मलेरिया का आहे ते शोधा आणि काय करायचं ते सांगा. त्यांचा अहवाल १९११ साली छापला गेला. त्यांच्या कामाची पद्धत आजही शिकण्यासारखी आहे. त्यांनी दोन गोष्टी शेजारी शेजारी मांडल्या. कोणत्या वस्तीत किती पोरांची पानथरी (प्लीहा) वाढली आहे, आणि त्या वस्तीत कोणत्या पाण्यात कोणत्या डासाच्या अळ्या आहेत. या दोन नोंदी जिथं जुळल्या तिथं बोट ठेवलं. ते बोट पडलं वाड्यांच्या अंगणातल्या विहिरींवर आणि घराघरांतल्या हौदांवर. अळ्या कोणाच्या? त्याच स्टीफेन्सीच्या.

विचार करा, किती विचित्र परिस्थिती होती. १८६० साली विहार तलावाचं पाणी नळानं मुंबईत आलं होतं. १८९२ साली तानसाचं आलं. पिण्यासाठी विहिरींची गरज कमी झाली होती, पण विहिरी जागच्या जागी होत्या. वापर घटला की पाणी हलत नाही. पोहरा पडत नाही, पाण्यावर लाट उठत नाही. अळीला असंच निवांत पाणी लागतं. म्हणजे नळाच्या पाण्यानं पोटाचे आजार कमी केले आणि त्याच नळानं रिकामटेकड्या झालेल्या विहिरींनी हिवताप पोसला. शहर आरोग्याच्या वाटेवर एक पाऊल पुढं टाकतं तेव्हा मागं काय सोडून जातं, तेही पाहायला हवं. बेंटलींचा अहवाल मला आवडतो तो म्हणूनच.

त्यांचा सल्ला सरळ होता: विहिरी बुजवा, नाहीतर डास शिरणार नाही अशा बंद करा. हौद-टाक्यांना घट्ट झाकणं लावा. आणि मग खरी ठिणगी पडली.

देव राहतात त्या विहिरी

मुंबईची विहीर म्हणजे नुसता पाण्याचा खड्डा नव्हता. कुठल्या विहिरीत देवता, कुठल्या विहिरीत पीर, कुठं पूर्वजांचा वास. विहीर बुजवली तर घरावर अरिष्ट येतं, ही श्रद्धा हिंदूंत होती, पारशांत होती, मुसलमानांतही होती. लोक संध्याकाळी विहिरीवर दिवा लावत, फुलं वाहत. पारशी धर्मविधींना विहिरीचं पाणी लागतं आणि ते उघड्या सूर्यप्रकाशातलं असावं, असा आग्रह. लोखंडी पत्र्यानं विहीर गच्च बंद करा म्हटल्यावर लोक खवळले नसते तरच नवल.

शेवटी मधला मार्ग निघाला तो बारीक तारेच्या जाळीचा. विहिरीच्या तोंडावर जाळी, तिला उघडबंद होणारं दार. ऊन आत जाईल, पूजेपुरतं पाणी काढता येईल, डासाला मात्र मज्जाव. श्रद्धाही राखली, अळीही मारली. सरकारी हुकमापेक्षा अशी वाटाघाट जास्त टिकते.

या वादातून एक सुंदर पुस्तकही जन्माला आलं. रुस्तम पेस्तनजी मसानी हे त्या काळात मुंबई महापालिकेत सेक्रेटरी होते. विहिरी बंद करायला होणारा विरोध ते रोज पाहत होते. त्यांनी त्या विरोधाला अडाणीपणा म्हणून झटकून टाकलं नाही. विहिरींविषयीच्या समजुती, भुतं, देवता, नवस, कथा हे सगळं गोळा केलं, त्याला देशोदेशीच्या जलपूजेची जोड दिली आणि १९१८ साली ‘फोकलोअर ऑफ वेल्स’ हे पुस्तक छापलं. पुढं मसानी मुंबईचे म्युनिसिपल कमिशनरही झाले. मलेरियाच्या फायलीतून लोककथांचं पुस्तक निघाल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

चर्चगेटजवळ क्रॉस मैदानाच्या कडेला भिखा बेहराम विहीर आहे. १७२५ साली भिकाजी बेहराम पांडे यांनी ती खोदवली. समुद्राला इतकी खेटून असूनही पाणी गोड. शहरातल्या विहिरी एकेक करून मिटत असताना ही टिकली आणि आजही पारशी भाविक तिथं प्रार्थनेला येतात.

तलाव गेले, नावं राहिली

मुंबईत उतरलात तर बसच्या पाट्या वाचत जा. धोबीतलाव, सी. पी. टँक, गोवालिया टँक, दोन टाकी. यांपैकी कुठंही आज तलाव दिसणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हे तलाव बुजत गेले. जागेची हाव, घाण पाणी अशी कारणं अनेक, पण तापाची धास्ती हे त्यांतलं ठळक. ८ ऑगस्ट १९४२ ला ‘छोडो भारत’चा ठराव झाला तो गोवालिया टँक मैदानावर, म्हणजे एका बुजलेल्या तलावाच्या छातीवर.

बरगडीखाली चार बोटं

रक्त तपासायची सोय नव्हती तेव्हा एखाद्या गावात हिवताप किती मुरलाय हे कसं कळायचं? पोरांच्या पोटावरून. हिवताप वारंवार आला की पानथरी म्हणजे प्लीहा सुजते. डॉक्टर पोराला उताणं झोपवायचा, डाव्या बरगडीखाली बोटं ठेवायचा आणि म्हणायचा, मोठा श्वास घे. श्वासासरशी पानथरी खाली सरकून बोटांना टेकली की ती वाढलेली. शंभर पोरांत अशी किती, तो त्या गावाचा ‘पानथरी दर’.

ही युक्ती अस्सल हिंदुस्थानी मातीतली आहे. १८४५ ते १८४७ या काळात टी. ई. डेम्पस्टर या डॉक्टरनं यमुनेच्या कालव्यांकाठच्या गावांत ती पहिल्यांदा पद्धतशीर वापरली. कालव्यामुळं ताप वाढतो का, हे सरकारला जाणून घ्यायचं होतं. सूक्ष्मदर्शक नाही, जंतूचा पत्ता नाही, तो १८८० साली लाव्हेराननं अल्जीरियात शोधला. तरीही नुसत्या बोटांनी रोगाचा नकाशा तयार झाला. पुढं १९५० साली मलेरियाविषयक परिषदेनं याच मापाला नियमात बसवलं: दोन ते नऊ वर्षांच्या पोरांत हा दर दहा टक्क्यांपर्यंत असेल तर रोग सौम्य, पंचाहत्तरच्या वर असेल तर भयंकर मुरलेला.

पणजीसुद्धा बेटावरच!

अनेकांना हे ठाऊक नसतं. तिसवाडी हा तालुका मांडवी, जुवारी आणि कुंभारजुव्याच्या कालव्यानं वेढलेला आहे. पोर्तुगीज त्याला ‘बेटं’ असंच म्हणत. जुनं गोवं याच बेटावर होतं. एके काळी झगमगणारं ते शहर साथींनी ओस पडलं, त्या साथींत हिवतापही होता. राजधानी सरकत पणजीला आली.

१९८० च्या दशकाच्या मध्यावर पणजीत हिवताप पुन्हा उफाळला. कारण? बांधकाम. स्लॅब टाकला की त्यावर आठवडाभर पाणी सोडून ठेवतात. तळघरात पाणी, लिफ्टच्या खड्ड्यात पाणी, मजुरांच्या झोपडीशेजारी पिंप. आणि मजूर येतात ते दुसऱ्या मलेरियाग्रस्त मुलखातून, कधी अंगात जंतू घेऊनच. डास आणि जंतू यांची अशी गाठ पडली. गोव्यानं तेव्हा कायद्यात दुरुस्ती करून बांधकाम मजुरांसाठी आरोग्य कार्ड आणलं, म्हणजे मजुराचं रक्त तपासलं जाईल आणि औषध मिळेल. विहिरी-टाक्यांत अळ्या खाणारे स्थानिक छोटे मासे सोडले, अळ्या मारणारे जिवाणू फवारले. मराठवाड्यातून मुंबई-पुण्याला साइटवर जाणाऱ्या माणसाला हे कार्ड किती मोलाचं, हे इथल्या घरांना नीट कळतं.

मॉरिशस: ऐपतवाले डोंगरावर गेले

मॉरिशसमध्ये आजही मराठी घरं आहेत. त्यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात कोकणातून आणि आसपासच्या भागातून उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेले. गणेश चतुर्थीला तिथं सरकारी सुट्टी असते. ज्या काळात ही माणसं तिथं स्थिरावत होती, त्याच काळात त्या बेटावर हिवताप उतरला.

आधी तिथं हिवताप नव्हताच, कारण तो पसरवणारा डासच नव्हता. जहाजांतून डास आला, माणसांतून जंतू आला. १८६६-६७ च्या साथीत तीस हजारांहून जास्त माणसं गेली. साडेतीन लाखांच्या आसपास लोकवस्तीच्या बेटावर ही केवढी कापणी! पोर्ट लुई या बंदरातले ऐपतवाले लोक उंचावर, थंड हवेत पळाले, आणि त्यातून क्युरपीप हे शहर वाढलं. मळ्यावरचा मजूर कुठं पळणार होता?

१९०७ च्या अखेरीस रोनाल्ड रॉस तिथं गेले. पोरांच्या पानथऱ्या चाचपल्या, पाणथळ जागा मोजल्या, आणि एक अफाट गोष्ट केली: हिवताप कसा पसरतो याचं गणित मांडलं. त्या गणितातून निघालेला निष्कर्ष असा की हिवताप संपवायला सगळे डास मारावे लागत नाहीत. त्यांची संख्या एका ठरावीक पातळीखाली आणली की रोग आपोआप ओसरतो. साथींच्या गणिताचा पाया या बेटावर घातला गेला. कोविडच्या काळात वर्तमानपत्रांत रोज दिसणाऱ्या त्या आलेखांचं कूळ शोधत गेलात तर वाटेत रॉस भेटतातच.

१९७३ मध्ये मॉरिशस मलेरियामुक्त जाहीर झालं. १९७५ साली जर्वेझ नावाचं चक्रीवादळ येऊन गेलं आणि ताप परतला. बेटानं पुन्हा कंबर कसली, पुन्हा हटवला. मलेरिया असलेल्या देशातून येणाऱ्या प्रवाशांवर तिथले आरोग्य कर्मचारी अजूनही डोळ्यात तेल घालून नजर ठेवतात.

अंदमान: खाऱ्या पाण्यातला अपवाद

१९११ साली सावरकर सेल्युलर जेलमध्ये पोचले. त्याच सुमारास रिकार्ड क्रिस्टोफर्स हे शास्त्रज्ञ अंदमानातल्या हिवतापाची पाहणी करत होते. अहवाल १९१२ चा. पोर्ट ब्लेअरभोवतीच्या वस्त्यांतल्या पानथऱ्या त्यांनी तपासल्या तेव्हा एक गंमत दिसली. खाऱ्या दलदलीपासून साधारण अर्ध्या मैलाच्या आत असलेल्या वस्त्या तापानं पोखरलेल्या, त्यापलीकडच्या बऱ्यापैकी ठणठणीत. इथला डास खारट पाण्यात वाढणारा निघाला. मुंबईचा डास गोड विहिरीचा, अंदमानचा खाऱ्या खाजणाचा. एका बेटावरची युक्ती दुसऱ्या बेटावर उचलून लावता येत नाही, हे त्या अर्ध्या मैलानं शिकवलं.

पाऊस नाही म्हणून साथ

हा भाग मराठवाड्यानं खास वाचावा. हिवताप पावसानं वाढतो, असं आपण धरून चालतो. १९३४ साली श्रीलंकेत पावसानं दगा दिला. नद्या वाहायच्या थांबल्या आणि पात्रात जागोजाग डोह उरले. स्वच्छ, उथळ, ऊन खाणारं पाणी. त्यात डासांची अशी पैदास झाली की १९३४-३५ च्या साथीत सुमारे ८०,००० माणसं दगावली. ज्या भागात एरवी भरपूर पाऊस पडतो आणि जिथल्या लोकांना हिवतापाची सवय नव्हती, तिथंच कहर जास्त.

तो डास ॲनॉफिलिस क्युलिसिफेसिस. आपल्या खेड्यापाड्यांतही हिवताप पसरवणारा मुख्य डास हाच. कोरड्या वर्षी आटलेल्या ओढ्याच्या डोहाकडं म्हणूनच दुर्लक्ष करू नये.

सार्डिनिया, चटकन

इटलीच्या या बेटावर १९४६ ते १९५० या काळात हजारो माणसं लावून डीडीटी हे कीटकनाशक फवारलं. उद्देश एकच: हिवतापाचा डास बेटावरून नामशेष करायचा. डास काही नामशेष झाला नाही. हिवताप मात्र गेला! रॉसचं मॉरिशसचं गणित असं चाळीस वर्षांनी दुसऱ्या बेटावर खरं ठरलं.

दारावरची तारीख, हातावर चार गोळ्या

स्वातंत्र्याच्या वेळी देशात दर वर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख मरत, असा अंदाज होता. मुंबई इलाख्यात डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी १९४६ पासून कारवार-धारवाड पट्ट्यात घराच्या भिंतींवर डीडीटी फवारून दाखवलं की खेड्यांतही हिवताप रोखता येतो, आणि तेही परवडणाऱ्या खर्चात. १९५३ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, १९५८ पासून त्याचं उद्दिष्ट निर्मूलन ठरलं.

ज्यांचं वय आज साठीच्या पुढं आहे त्यांना फवारणीवाले आठवतील. पाठीवर पंप, पायात खाकी चड्डी. घरातली भांडीकुंडी, कणगीवरचं धान्य, अंथरुणं बाहेर काढायची. भिंतींवर पांढरट थर बसायचा, वास दोन दिवस जायचा नाही. जाताना दारालगत भिंतीवर फवारणीची तारीख रंगवून जायचे. त्यानंतर पंधरवड्याला मलेरियाचा माणूस यायचा. घरात कोणाला ताप? असेल तर बोटाला सुई, काचपट्टीवर रक्ताचा थेंब, आणि हातावर क्लोरोक्विनच्या चार गोळ्या. कडूजहर. रोजचं पायी फिरणं, दारोदार तोच प्रश्न, वर्षानुवर्षं. या माणसांचे पुतळे कुठं नाहीत, पण १९६१ साली देशातले रोगी जेमतेम ५०,००० वर आले ते यांच्या पायपिटीमुळं.

मग ढिलाई आली, डीडीटीला डास दाद देईनात, आणि १९७६ साली आकडा ६४ लाखांवर गेला. शहरांसाठी १९७१ पासून वेगळी योजना आखावी लागली, कारण शहरातला स्टीफेन्सी भिंतीवरच्या फवाऱ्याला फारशी भीक घालत नाही. त्याला पाण्यातच गाठावं लागतं. मुंबईत गॉर्डन कव्हेल यांनी १९२८ च्या पाहणीत तेच सांगितलं होतं. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्याखाली डास पोसणाऱ्या टाकीच्या मालकाला नोटीस जाते, ती आजही.

गप्पी कुठला?

आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हौदात वळवळणारा गप्पी मासाही बेटावरचाच पाहुणा. कॅरिबियन समुद्रातल्या ट्रिनिडाद बेटावर रॉबर्ट गप्पी नावाचे गृहस्थ होते. त्यांनी १८६६ साली हे मासे लंडनच्या संग्रहालयाला पाठवले आणि माशाला त्यांचंच आडनाव चिकटलं. भारतात तो १९०८ साली आला. गप्पी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देतो, त्यामुळं एका हौदातले मासे आसपासच्या गावांना वाटता येतात. त्याचा चुलता गॅम्बुशिया १९२८ साली इटलीहून आला. एक काळजी मात्र घ्या, हे मासे नदी-ओढ्यात सोडू नका. स्थानिक माशांच्या पिल्लांवर ते ताव मारतात.

आणि अळी ओळखायची कशी? पांढऱ्या भांड्यात टाकीतलं पाणी घ्या, क्षणभर थांबा. अळी पृष्ठभागाला समांतर, आडवी पडून राहिली तर ॲनॉफिलिस, म्हणजे हिवतापवाला. डोकं खाली करून तिरकी लटकली तर दुसऱ्या जातीची. अंड्यापासून डास व्हायला आपल्याकडच्या उन्हात आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातला कोरडा दिवस म्हणूनच ठरलाय. रांजण, पिंप, टाकी रिकामी करून आतून घासून काढली की पिढीच्या पिढी तिथंच संपते.

बारव आणि नारू

पायऱ्यांच्या विहिरींवर आणखी एक संकट आलं होतं: नारू नावाचा जंत. पाय बुडवून पाणी भरलं की जखमेतल्या नारूची पिल्लं पाण्यात पडायची आणि ते पाणी पिणाऱ्याला वर्षभरानं नारू व्हायचा. पाणी गाळून पिणं, हातपंप, पायऱ्यांच्या विहिरींना कठडे, असं करत करत देशातला शेवटचा रोगी १९९६ साली सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त ठरला. बारवा बुजवाव्या लागल्या नाहीत. गाळ काढलेली, पाणी हलतं ठेवलेली आणि मासे सोडलेली बारव डासांनाही थारा देत नाही. हट्ट्यासारख्या गावांनी आपला हा ठेवा नांदता ठेवावा, ही इच्छा.

चिनी बेट, पुण्याची लस

चीनच्या तू योयो यांनी दवण्याच्या जातीच्या एका वनस्पतीतून हिवतापावरचं औषध काढलं. १९७२ साली रोग्यांवर त्याची पहिली परीक्षा झाली ती हायनान बेटावर. नोबेल मिळालं २०१५ साली. आणि ऑक्सफर्डनं विकसित केलेली आर-२१ ही हिवतापाची लस बनते कुठं? पुण्यात, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये. जागतिक आरोग्य संघटनेनं ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची शिफारस केली आणि जुलै २०२४ मध्ये आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टमध्ये तिचे डोस मुलांना मिळू लागले.

मन्नारच्या विहिरी

श्रीलंका सप्टेंबर २०१६ मध्ये मलेरियामुक्त ठरली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिच्या उत्तरेच्या मन्नार बेटावर कीटकशास्त्रज्ञांना घरगुती विहिरींत एक अनोळखी अळी सापडली. तपासली तर स्टीफेन्सी, लिस्टननं बारसं केलेला तोच. २०१२ साली तो आफ्रिकेत जिबूतीच्या बंदरातही पोचला होता आणि तिथून इथिओपियाच्या शहरांत घुसला. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना त्याच्यासाठी खास मोहीम चालवतेय. मन्नारमध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांनी घराघरांतल्या विहिरी धुंडाळल्या, अळ्या खाणारे मासे सोडले, अळीनाशक टाकलं आणि पाण्याचे नमुने पुनःपुन्हा तपासले. देशात बाहेरून जंतू घेऊन येणारा एकही तापाचा रोगी सुटू नये म्हणून रक्ततपासणी चालूच ठेवली. श्रीलंकेची मलेरियामुक्ती त्यांनी टिकवून धरली आहे.